कापण्याची गोष्ट आणि जोडण्याची

सावेडीत प्रोफेसर कॉलनीलगतच्या एका घरी आम्ही मराठीचे काही आजी-माजी शिक्षक महिन्यातून एकदा जमतो आणि एखादे जुने पुस्तक किंवा नाटक मिळून वाचतो. गेल्या खेपेस जयवंत दळवींचे 'पुरुष' होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले; नाना पाटेकरांचा गुलाबराव आणि रीमा लागू यांची अंबिका आमच्यातल्या ज्येष्ठांच्या अजून डोळ्यांसमोर आहेत. नाटकाचा शेवट सर्वांना ठाऊक असतो. शिक्षिका असलेल्या अंबिकेवर सत्तेच्या मस्तीत बलात्कार करणारा गुलाबराव कायद्याच्या हातून निसटतो, आणि मग अंबिका स्वतःच्या हाताने त्याचे 'पुरुषत्व' संपवते. वाचन आटोपल्यावर आमची नेहमीची चर्चा सुरू झाली. हा काव्यगत न्याय की नुसता प्रेक्षकशरण शेवट? दळवी इथे अंबिकेच्या बाजूने उभे आहेत की प्रेक्षकांच्या टाळीच्या बाजूने? कोणी अरिस्टॉटल काढला, कोणी स्त्रीवादी समीक्षा.

यजमानांची सूनबाई एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. चहा घेऊन आलेली ती दारातच थांबून ऐकत होती. तिने विचारले, "मग पुढे काय झालं, सर? तुकडा कुठे ठेवला त्यांनी?"

आम्ही हसलो. ते हसणे फार काही बरे नव्हते. तिला मात्र यात हसण्यासारखे काही दिसत नव्हते. "म्हणजे किती वाजता झालं ते तरी लिहिलंय का?" असे विचारून आणि आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता येत नाही हे पाहून ती कप गोळा करून निघून गेली.

प्रश्न बाळबोध होता असे तेव्हा वाटले. नंतर तो पुष्कळ दिवस डोक्यातून जाईना. आपल्या साहित्यात, वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात या घटनेची गोष्ट सुरी खाली येते त्या क्षणाला संपते. पडदा पडतो, बातमी संपते, विनोदाचा शेवटचा शब्द उच्चारला जातो. शस्त्रक्रियागृहात नेमकी तिथूनच गोष्ट सुरू होते आणि पुढे आठ-दहा तास चालते. या दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्या भाषेने शब्द तयार केलेले नाहीत, आणि पहिल्या गोष्टीसाठी जे तयार केले ते बहुतांशी खोटे आहेत, असे आमचे मत झाले आहे. ते मांडण्यासाठी हा लेख.

आधी शब्दच पाहू. मराठी बातमीत या अवयवाला 'गुप्तांग' म्हणतात. हा शब्द स्त्रीलाही चालतो आणि पुरुषालाही, त्यामुळे नेमके काय दुखावले, काय कापले गेले हे बातमी वाचून कधीच कळत नाही. घरात 'लघवीची जागा', दवाखान्यात 'नाजूक जागा', पंचनाम्यात पुन्हा 'गुप्तांग', आणि भाषणात किंवा समीक्षेत एकदम 'पुरुषत्व'. म्हणजे एका टोकाला झाकणारा शब्द आहे आणि दुसऱ्या टोकाला फुगवणारा. मधला साधा शब्द 'शिश्न' तेवढा वैद्यकाच्या पुस्तकात पडून आहे. 'लिंग' हा शब्द आहे, परंतु तो शंकराच्या देवळात, व्याकरणाच्या तासात आणि जनगणनेच्या रकान्यात इतका गुंतलेला आहे की जखमेविषयी बोलताना त्याचा उपयोग होत नाही. जाता जाता व्याकरणातली एक गंमत सांगून ठेवतो: शिश्न, लिंग, इंद्रिय, पौरुष, पुरुषत्व, हे सारे शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत. ज्याच्या जाण्याने माणूस नपुंसक होतो अशी समजूत आहे, त्याला व्याकरणाने आधीच तिथे बसवून ठेवले आहे.

'खच्चीकरण' हा शब्द तर याहून उद्बोधक आहे. 'मानसिक खच्चीकरण' आपण रोज वाचतो; ते कार्यकर्त्यांचे होते, विद्यार्थ्यांचे होते, खेळाडूंचे होते, अलीकडे प्राध्यापकांचेही होते. मूळ शब्द गोठ्यातला. नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला खोंड खच्ची करणे म्हणजे काय ते ठाऊक असते: पूर्वी बडवून, पुढे जनावरांच्या दवाखान्यातल्या चिमट्याने, वृषणांकडे जाणाऱ्या नसा चेचून टाकायच्या. यात शिश्नाला धक्काही लागत नाही. खच्ची केलेला बैल शांत होतो, कारण वृषणांतून रक्तात मिसळणारा अंतःस्राव थांबतो. उलट ज्या पुरुषाचे केवळ शिश्न तुटले आहे त्याचे वृषण शाबूत असतील, तर त्याची दाढी, आवाज, स्नायू, वासना, सारे जागच्या जागी राहते. या दोन अगदी वेगळ्या इजा आहेत. त्यांची कारणे वेगळी, उपचार वेगळे, परिणाम वेगळे. आपली भाषा मात्र दोन्हींना मिळून एकच 'पुरुषत्व गेले' म्हणते. ज्यांच्या बापजाद्यांनी शतकानुशतके बैल बडवले त्या समाजाने हा घोटाळा करावा याचे आम्हांला राहून राहून नवल वाटते.

सूनबाईच्या गोष्टीकडे वळू. शिश्न तुटून वेगळे झाले, तर ते पुन्हा जोडता येते. सूक्ष्मदर्शकाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी पाहून जोडल्याची पहिली वैद्यकीय नोंद १९२९ सालची. तशा जोडणीत पुष्कळदा कातडी मरे, संवेदना परतत नसे. अवयव कसाबसा तग धरी. खरा बदल घडला तो सूक्ष्मशस्त्रक्रियेने. जपानात नारा येथे सुसुमु तामाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून परत जोडला होता. त्याच हातांनी आणि त्याच सुमारास बॉस्टनमधल्या एका चमूने, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, तुटलेल्या शिश्नाच्या रक्तवाहिन्या आणि चेतातंतू शिवले. दोन्ही वृत्तांत १९७७ साली प्रसिद्ध झाले. अंगठा आणि शिश्न एकाच शस्त्रवैद्याच्या चिमट्याखाली यावेत यात त्या वैद्याला काही विचित्र वाटले नसणार. रक्तवाहिनी ही रक्तवाहिनी.

मेजावर काय शिवले जाते? आधी मूत्रमार्ग, आत नळी ठेवून, म्हणजे तो आकसणार नाही. मग ज्या दोन स्पंजासारख्या दंडगोलांत रक्त भरून ताठरता येते त्यांचे चिवट आवरण. मग सूक्ष्मदर्शक पुढे ओढला जातो आणि पाठीवरच्या धमन्या, खोल शीर, तिच्या बाजूचे चेतातंतू यांची तोंडे शोधून एकमेकांना लावली जातात. धमनी मिलिमीटरभर जाडीची, कधी त्याहूनही बारीक. दोरा नायलॉनचा, माणसाच्या केसाहून बारीक. सुई उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी. शेवटी कातडी. लघवीसाठी काही दिवस पोटातून स्वतंत्र नळी काढून दिलेली असते. त्यानंतर तासातासाने रंग पाहायचा: जांभळट पडले तर शीर तुंबली, पांढरे पडले तर धमनी. कातडीचा काही भाग बहुधा मरतोच आणि नंतर मांडीची कातडी लावावी लागते. लघवी उभ्याने होणे, काही महिन्यांनी स्पर्श कळणे, पुढे ताठरता येणे, असे टप्पे. पुष्कळांच्या बाबतीत हे सारे बऱ्याच अंशी परत मिळते.

वरच्या यादीत मूत्रमार्ग आहे, धमन्या आहेत, शीर आहे, चेतातंतू आहेत. 'पुरुषत्व' नावाची वस्तू त्यात कुठे नाही. ते शिवावे लागत नाही, कारण ते तुटलेले नसते. 'पुरुष' नाटकाच्या शेवटावर आम्ही तासभर बोललो तेव्हा हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

जोडण्याच्या या विद्येची एक जुनी गोष्ट पुण्याजवळची आहे, आणि ती मराठी वाचकाला माहीत असायला हवी तितकी नाही. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकीत असे. १७९२च्या म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला; त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्यानजीक विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातल्या दोघा इंग्रज वैद्यांनी ही क्रिया पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये तिचा वृत्तांत छापून आला. मेणाच्या पत्र्याचे नाक करून ते मापाला कपाळावर पसरून ठेवायचे, तेवढी कातडी सोलायची, पण दोन्ही डोळ्यांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवायची म्हणजे रक्त पोचत राहील, मग ती कातडी पिळून खाली वळवायची आणि बसवायची. वर कापडाच्या पट्टीवर कात कालवून लावायचा. तोच कात, जो पानाला लावतात. साधारण पंचविसाव्या दिवशी, नव्या जागी मूळ धरल्यावर, डोळ्यांमधली पट्टी कापायची. हा वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तीच क्रिया केली, १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि युरोपातल्या नव्या घडणशल्याचा आरंभ बहुधा तिथून मोजतात.

हे तुटलेले नाक परत जोडणे नव्हे, कपाळाच्या कातडीचे नवे नाक करणे आहे. दोन्ही क्रिया एक नाहीत. सुश्रुताचे नाव घेऊन छाती फुगवण्याचाही आमचा हेतू नाही. आमचे लक्ष दोन गोष्टींकडे जाते. एक, 'रक्त पोचत राहिले पाहिजे' हे त्या कारागिराला पक्के ठाऊक होते, आणि पावणेदोनशे वर्षांनी तामाईंच्या सूक्ष्मदर्शकाखालीही प्रश्न तोच होता. दुसरी, त्या वृत्तांतात कावसजीचे नाव आले, चित्रकाराचे आले, बघ्यांचीसुद्धा आली. करणाऱ्याची फक्त जात आली. टिपूचे नाव तर आहेच. कापणारा इतिहासात राहतो, जोडणारा राहत नाही.

नाक कापणे ही शिक्षा का होती हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नाक म्हणजे अब्रू. नाक कापले जाते, नाक खाली जाते, नाक घासावे लागते. नाकावर टिच्चून काही करता येते. कावसजीचा हातही गेला होता. रोजच्या कामाला नाकापेक्षा हात अधिक लागतो, बैल हाकणाऱ्याला तर विशेषच. तरी वृत्तांत नाकाचा झाला. अवयवाची किंमत त्याच्या कामावरून ठरत नाही, त्याच्यावर काय लादले आहे त्यावरून ठरते. शिश्नाचेही तसेच आहे, फक्त त्याच्यावर लादलेले अधिक आहे.

कायद्यानेही या लादण्याला हातभार लावला आहे. भारतीय दंड संहितेचे ३२० वे कलम, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ११६ वे, 'जबर दुखापत' कोणती ते क्रमाने सांगते. पहिला क्रमांक पुंस्त्वहरणाचा. डोळ्याची दृष्टी कायमची जाणे दुसरे, कानाचे ऐकू येणे जाणे तिसरे, हातपाय किंवा सांधा जाणे चौथे. चेहऱ्याचे कायमचे विद्रूपीकरण, ज्यात बिचारे नाक येते, सहावे. कायदेपंडित सांगतील की या क्रमाला अर्थ नाही, शिक्षा सर्वांना सारखीच आहे. असेल. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने क्रमाला अर्थ नाही असे मानून कसे चालेल? १८६० साली ही यादी करणाऱ्यांना सर्वांत आधी काय आठवले ते तिच्यात दिसते. (कलम हा शब्दही मोठा नामी. लेखणी ती कलम, कायद्याचे ते कलम, शिर उडवले तर ते कलम केले, आणि आंब्याच्या फांदीवर फांदी जोडली तर तेही कलम. जोडण्यासाठी आपल्याकडे जो एक अस्सल शब्द आहे त्याला कापण्याचा अर्थ असा चिकटलेला आहे. वैद्यकातला 'पुनर्रोपण' हा शब्दही शेवटी झाडांकडूनच घेतलेला.)

आता कापणारे कोण, हे पाहू. आपल्या मनात लगेच एक गोष्ट तयार असते: छळलेली किंवा फसवली गेलेली स्त्री आणि तिचा सूड. ही गोष्ट सर्वस्वी खोटी नाही. थायलंडमध्ये १९७०च्या दशकात अशा घटनांची साथच आली होती. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली म्हणून बायकांनी केलेल्या या कृत्यांतील १८ रुग्णांचा वृत्तांत तिथल्या शस्त्रवैद्यांनी १९८३ साली एका अमेरिकी शल्यपत्रिकेत छापला. त्यावरून 'वेळेवर घरी गेलो नाही तर बदकांची चंगळ होईल' अशा अर्थाचा विनोद त्या देशात रूढ झाला, कारण घरे खांबांवर आणि खाली बदके. अमेरिकेत १९९३ सालचे व्हर्जिनियातले बॉबिट प्रकरण जगभर गाजले. पत्नीने रात्री नवऱ्याचे शिश्न कापले, गाडीतून जाताना शेतात फेकले. पोलिसांनी ते शोधले, बर्फात ठेवून आणले, आणि साडेनऊ तासांच्या शस्त्रक्रियेने ते जोडले गेले. नवऱ्यावर पत्नीवरील बलात्काराचा खटला चालला, त्यात तो सुटला; ती तात्पुरत्या वेडाच्या कारणाने सुटली. अमेरिकी वृत्तपत्रांना त्या वर्षी पहिल्यांदाच हा अवयव त्याच्या नावाने पहिल्या पानावर वारंवार छापावा लागला असे म्हणतात. आपल्याकडे डिसेंबर २०१८मध्ये डोंबिवलीत एका स्त्रीने आपल्यामागे लागलेल्या तरुणाच्या बाबतीत, दोघांच्या मदतीने, हेच केले. आपल्या वर्तमानपत्रांचा शब्द तेव्हाही 'गुप्तांग'च राहिला.

पण वैद्यकातल्या नोंदी उलटून पाहिल्या तर एक वेगळाच, गोष्टीत न मावणारा माणूस वारंवार भेटतो: ज्याने स्वतःच स्वतःला कापले तो. कोणाला आतून आवाज येत असतात, कोणाला पापाच्या कल्पनेने ग्रासलेले असते, कोणी नशेत असतो. अशा ५३ पुरुषांचा आढावा १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८७ टक्के तीव्र मनोविकाराच्या अवस्थेत होते. यात सूड नाही, न्याय नाही, टाळी नाही, आजार आहे. शस्त्रवैद्यांचा प्रघात असा की 'यानेच कापले, पुन्हा कापील' म्हणून हात आखडायचा नाही, जोडायचे. कारण मनोविकाराची लाट ओसरल्यावर हाच माणूस शुद्धीवर येऊन आपला अवयव मागतो. आमच्या मते यात अस्सल शोकनाट्याचा ऐवज आहे. पण 'गुप्तांग कापले' एवढे शीर्षक वाचून आपण ज्या बाईला शोधू लागतो, ती या कथेत नसल्यामुळे कोणी ही कथा लिहीत नाही.

आणि जोडूनही न जुळल्याचे एक उदाहरण आहे. २००५ साली चीनमधील ग्वांगझू येथे, अपघातात शिश्न गमावलेल्या एका पुरुषाला मृत दात्याचे शिश्न लावण्यात आले. हे पुनर्रोपण नव्हे, प्रत्यारोपण. रक्त वाहू लागले, लघवी होऊ लागली, शरीराने अवयव नाकारल्याची खूण नव्हती. दोन आठवड्यांनी तो काढून टाकावा लागला, कारण त्या माणसाला आणि त्याच्या पत्नीला तो मनाने सोसवेना. पुढे दक्षिण आफ्रिकेत २०१४ साली, विधीतल्या सुंतेमुळे अवयव गमावलेल्या एका तरुणावर असेच प्रत्यारोपण झाले आणि ते टिकले. २०१८ साली बाल्टिमोरमध्ये एका जखमी सैनिकाला शिश्नाबरोबर अंडकोशाची पिशवीही लावली, परंतु दात्याचे वृषण मुद्दाम वगळले. नाहीतर त्याला पुढे झालेले मूल कोणाचे, हा प्रश्न आला असता. ग्वांगझूच्या त्या दोन आठवड्यांत त्या घरात काय बोलणे झाले असेल? शस्त्रक्रियेच्या वृत्तांतात दोन ओळी आहेत. ज्याला कादंबरी लिहायची आहे त्याच्यासाठी ती जागा रिकामी आहे.

मराठीत या अवयवाविषयी सरळ बोलणारा एक माणूस होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ पासून आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत चालवले. शरीराच्या अवयवांना त्यांच्या नावाने हाक मारावी आणि प्रश्नकर्त्याला शास्त्रीय उत्तर द्यावे एवढेच त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला कर्वे हरले. आज आम्ही कर्व्यांवर परिसंवाद घेतो, त्यांच्यावरच्या नाटकांना जातो, आणि वर्गात 'पुरुष' शिकवायची वेळ आली की शेवटाकडे येताना घसा खाकरून 'पुरुषत्व' म्हणतो. आम्हीही हेच करत आलो आहोत. दुसरा शब्द वापरला असता तर वर्गात हशा पिकला असता, ही भीती. हशा पिकू द्यायला हवा होता. तो दोन मिनिटांत ओसरला असता आणि मग बोलता आले असते.

यावर कोणी म्हणेल की शब्दाने काय होते? शस्त्रवैद्याला शब्द कुठला का असेना, काम कळते. त्याला कळते, त्याच्यापर्यंत पोचणाऱ्याला कळत नाही, ही अडचण आहे. आमच्या जिल्ह्यात मळणी यंत्रे आहेत, उसाची गुऱ्हाळे आहेत, पिठाच्या गिरण्यांचे पट्टे आहेत, ट्रॅक्टरमागे फिरणारे दांडे आहेत. फिरत्या पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा लुंगी अडकली की ती गुंडाळत जाते आणि मांडीच्या सांध्यातले जे काही सैल आहे ते ओढून नेते. अशी ओरबाडलेली जखम सुरीच्या सरळ कापापेक्षा जोडायला फार अवघड. तरी पुष्कळ काही वाचवता येते. पाथर्डीकडचा एखादा माणूस नगरला आणि तिथून सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्याला न्यायचा तर चार-पाच तास गेलेच. तुटलेला भाग उघडाच राहिला तर साधारण सहा तासांनंतर आशा मावळत जाते; थंड राखला तर सोळा किंवा त्याहून अधिक तासांनीही जोडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे अंतर आड येत नाही. आड येते ते लाजेने गेलेले पहिले तास: कोणाला सांगायचे, काय म्हणून सांगायचे, गाडीत कोणाला घ्यायचे, बायकांना बाहेर काढायचे की नाही, आणि तो तुकडा उचलायचा कोणी. तो पुष्कळदा उचललाच जात नाही. ज्याला नाव नाही तो हातात कसा घ्यायचा?

जखमी स्त्रीच्या बाबतीत तर आपली भाषा याहून निर्दय आहे. तिची 'अब्रू' लुटली जाते, आणि लुटलेली वस्तू परत येत नाही असे मानले की टाके, औषधे, तपासणी यांचे महत्त्व आपोआप कमी होते. २०१६च्या जुलैत आमच्याच जिल्ह्यात कोपर्डीला जे घडले त्यानंतर सारा महाराष्ट्र रस्त्यावर आला. तो संताप खरा होता, आम्हीही त्यात होतो. अशा प्रत्येक प्रसंगानंतर 'छाटून टाका' ही मागणी येते. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ साली अशी शिक्षा नाकारली आणि बलात्काराच्या सामाजिक मुळांना ती हात लावत नाही असे सांगितले. आम्हांला त्यात एक भाषिक कारण जोडावेसे वाटते. छाटण्याची मागणी करणारा आणि बलात्कार करणारा, दोघांचेही एका गोष्टीवर एकमत असते: की पुरुषाचे सारे सामर्थ्य त्या एका अवयवात आहे. गुलाबराव हेच मानत होता. अंबिकेलाही शेवटी तेच मानायला लावून दळवींनी तिच्यावर अन्याय केला, असे आता आम्हांला वाटते. त्या संध्याकाळी वाटले नव्हते. गुलाबरावाचे सामर्थ्य त्याच्या पक्षात होते, पैशात होते, त्याला घाबरणाऱ्या पोलिसांत होते. ते अंबिकेच्या सुरीच्या टप्प्यात नव्हतेच.

पुढच्या बैठकीला आम्ही सूनबाईला मुद्दाम बसवून घेतले आणि विचारले की अशा वेळी करायचे काय. तिने सांगितले ते असे: जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचे. तुकडा धुवायच्या खटपटीत पडायचे नाही, घासायचा तर मुळीच नाही. सलाइनमध्ये किंवा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचे, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, बर्फाने तो जळतो. तुकडा आणि माणूस एकाच गाडीत. १०८ला फोन.

आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी विचारले, "पण सूनबाई, फोनवर म्हणायचं तरी काय?"

"नातेवाईक काय वाट्टेल ते म्हणतात, काका," ती म्हणाली. "'पेशंटला तिकडे लागलंय' म्हणतात. मग आम्हीच विचारतो, शिश्न तुटलंय का, किती वाजता तुटलं, आणि कशात ठेवलंय."